वेधशाळा काढताय? आधी चपलांचे दोन जोड घ्या

तुम्हाला खगोलशास्त्रात काहीतरी करून दाखवायचंय, असं कानावर आलं. उत्तम. दुर्बीण नंतर बघू, आधी चपलांचे दोन जोड घ्या. एक मंत्रालयात झिजवायला, एक दिल्लीत.

मुहूर्त मात्र साधायला शिका. अमेरिकेतल्या लायगो या वेधशाळेने गुरुत्वीय तरंग (म्हणजे खुद्द अवकाशात उठणाऱ्या लहरी) सापडल्याचं 11 फेब्रुवारी 2016 ला जाहीर केलं आणि 17 तारखेला आपल्या केंद्रीय मंत्रिमंडळाने लायगो-इंडियाला, म्हणजे तसंच यंत्र भारतात उभारायच्या प्रकल्पाला, तत्त्वतः मंजुरी देऊनही टाकली. सहा दिवसांत! आमच्याकडे उत्पन्नाच्या दाखल्याला याहून जास्त हेलपाटे पडतात. तेव्हा प्रस्ताव टंकून ठेवा आणि जगात कुठेही टाळ्या वाजल्या की त्या विरायच्या आत पुढे सरकवा.

पण ‘तत्त्वतः’वर विसंबून मांडव घालू नका. तत्त्वतः म्हणजे साखरपुडा. 2600 कोटींची अंतिम मंजुरी एप्रिल 2023 मध्ये आली. मधल्या सात वर्षांत करायचं काय? कामांना तोटा नाही. 2017 मध्ये या शोधाला नोबेल मिळालं, पेढे वाटावेत. 2020 मध्ये जपानचं कागरा हे असंच यंत्र सुरू झालं, अभिनंदनाचं पत्र धाडावं. हाताखालची हुशार पोरं परदेशी निघाली की विमानतळावर सोडायला जावं. आणि कुरकुर तर मुळीच करू नये. तो पहिला तरंग 130 कोटी वर्षं प्रवास करून आला होता, त्याने कधी ‘माझं प्रकरण कुठवर आलंय’ असं विचारलं का?

जागा निवडताना माझ्या मते लायगो-इंडियासाठी निवडलेल्या, हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथचा आदर्श ठेवावा. यंत्र म्हणजे काटकोनातल्या, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या. तरंग आला की ही लांबी प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी बदलते आणि तो बदल लेसरने टिपायचा असतो. जवळून ट्रक गेला तरी व्यत्यय. म्हणजे जमीन शांत हवी, वर्दळ नको, मोठे कारखाने तर नकोतच. हे वाचून आम्हा मराठवाड्यातल्या माणसांचा ऊर भरून आला. इतकी वर्षं ज्याला आम्ही अनुशेष म्हणून शिव्या घालत होतो, ती विज्ञानाची पूर्वतयारी निघाली! (2024 मध्ये हिंगोलीला भूकंपाचे धक्के बसले, पण त्यांनी कुणाचं ना-हरकत प्रमाणपत्र घेतलेलं नव्हतं.)

एक चूक टाळा: स्वस्तात काम करू नका. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बीण उभारताना ती केली. भरीव पत्र्याऐवजी तारा ताणून त्यावर बारीक जाळी बसवली आणि 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या उभ्या केल्या. जगभरचे शास्त्रज्ञ तिथे निरीक्षणाला वेळ मागतात. काटकसरीचं बक्षीस? पुणे-नाशिक रेल्वेची आखणी या दुर्बिणीच्याच परिसरातून! गाडीच्या रेडिओ गोंगाटात आकाशगंगांची कुजबुज ऐकू येणार नाही, हे समजावता समजावता मार्ग बदलण्यावर गाडी आली. आता जुन्नरकरांना रेल्वे हवी आहे, आणि त्यात त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही. तुम्ही त्यांना दूरच्या आकाशगंगांतल्या हायड्रोजनच्या रेडिओ लहरींबद्दल सांगणार. सांगा, पण चहा पाजून सांगा.

परदेशाच्या भरवशावरही राहू नका. औंढ्याला येणारं लायगोचं यंत्र आधी ऑस्ट्रेलियाला देऊ केलं होतं. 2011 मध्ये त्यांनी पैसे नाहीत म्हणून हात वर केले, म्हणून ते आपल्याकडे वळलं. आता गंमत बघा, 2025 मध्ये खुद्द अमेरिकेच्या अर्थसंकल्पी प्रस्तावात त्यांच्या दोन यंत्रांपैकी एक बंद करायचं होतं. तरंग आकाशात नेमका कुठून आला हे ठरवायला दूर-दूरची यंत्रं लागतात, म्हणून औंढ्याचं महत्त्व. आपण जोडीला जाईपर्यंत जोडीदारच दुकान आवरायच्या गोष्टी बोलू लागला.

कोनशिला 11 मे 2023 ला बसली, दिल्लीतून, पडद्यावरून. औंढ्याच्या बसस्टँडवर कुणी विचारलंच, ‘सायेब, मशीन कधी चालू व्हनार?’, तर 2030 सांगा. तो हसेल. त्याच्या गावात नामदेवांच्या कीर्तनासाठी अख्खं देऊळ फिरलं होतं म्हणतात, आणि तेही एका रात्रीत, कुणाच्या सहीशिवाय.