एकास शंभर

ज्यांच्या घरात आर्किटेक्चर शिकणारं अपत्य आहे, त्यांना डायनिंग टेबल नसतं. म्हणजे असतं, पण त्यावर इमारत उभी असते. आमच्याकडे सध्या वाचनालय आहे. आम्ही जमिनीवर बसून जेवतो, आणि पोह्यांवरचं खोबरं खोबरंच आहे ना, हे आधी बोटाने चाचपून बघतो. मॉडेलसाठी कापलेल्या सनबोर्डाचा, म्हणजे फोमच्या शीटचा, चुराही तसाच पांढरा असतो.

सबमिशनच्या आदल्या रात्री घरातल्या सगळ्यांची बिगारी म्हणून भरती होते. हिने भुसा हिरवा रंगवून हिरवळ अंथरायची, मी काड्यांना स्पंजचे तुकडे चिकटवून झाडं लावायची आणि आईने कागदी माणसं कापायची. स्केल एकास शंभर. त्या हिशेबाने माझी उंची 1.7 सेंटिमीटर. बँकेत साहेबांनीही मला इतकं लहान कधी केलं नव्हतं. आईने प्रेमाने एका माणसाला माझं पोट काढलं, तर लेकीने त्याला साइटवरून हाकललं.

भिंतींना मात्र ती कुणालाही हात लावू देत नाही. दोन तुकडे काटकोनात नुसते जोडले, तर कोपऱ्यात एकाची 3 मिलिमीटरची कड उघडी दिसते. म्हणून दोन्ही कडा 45 अंशांत तासायच्या. स्टीलची पट्टी दाबून धरायची, कटर तिरका ठेवायचा आणि जोर न लावता त्याच रेघेवरून पातं पुन्हा पुन्हा फिरवायचं. पातं बोथट झालं की टोक मोडायचं. मग त्या कोपऱ्यावरून नख फिरवा, सांधा लागणार नाही. आमच्या खऱ्या फ्लॅटमध्ये बिल्डरने एकही कोपरा काटकोनात दिलेला नाही. कपाट भिंतीला टेकवलं की मागे झुरळांची सोसायटी स्थापन होईल एवढी फट राहते. तो माणूस या टेबलावर एक रात्रही टिकला नसता.

सामानाची बिलं बघून मी कण्हलो, तेव्हा तिने कटर न थांबवता मला इंग्रज आर्किटेक्ट ख्रिस्तोफर रेन ऐकवला. त्याने 1673-74 मध्ये लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचं ओक लाकडाचं मॉडेल करवून घेतलं. लांबी सहा मीटरच्या वर, खर्च सुमारे 600 पौंड, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या चांगल्या घराची किंमत. आणि ते डिझाईन नामंजूर झालं! मॉडेल अजून तिथे जपून ठेवलंय. मी मुकाट्याने पुढचं झाड लावलं.

सकाळी ते वाचनालय मांडीवर घेऊन आम्ही रिक्षात बसलो. पुण्याच्या रस्त्यांवर स्वतःचा कणा सांभाळणंही कठीण, पण रिक्षावाल्या काकांनी प्रत्येक खड्डा असा चुकवला, जणू मागे बाळंतीण बसली आहे. सिग्नलला वळून त्यांनी नीट निरखलं.

"पझेशन कधी?"

"काका, लायब्ररी आहे ही."

"असू दे की. पण पार्किंग कुठंय?"

लेकीने तोंड वाकडं केलं.

ज्युरीला, म्हणजे काम तपासायला, बाहेरून आलेल्या सरांनी मॉडेलभोवती एक फेरी मारली, वाकून कोपरे पाहिले, "जोड सुरेख आहेत," म्हणाले आणि पहिला प्रश्न टाकला, "पार्किंग?"

संध्याकाळी घरी आल्या आल्या तिने चप्पलही न काढता विचारलं, "बाबा, त्या काकांचा नंबर घेतलात का?"