उत्तरार्धाचे ७ नियम आणि आमच्या भाच्याचं डोकं

गेल्या आठवड्यात नाशिकच्या काकांनी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला. ‘हंगामाचा उत्तरार्ध जिंकणाऱ्या अमेरिकन फुटबॉल कोचचे ७ नियम’. वर डरकाळी फोडणारा सिंह, खाली ‘हेच नियम ऑफिसात आणि संसारातही लागू पडतात, पुढे पाठवा’. लिहिणाऱ्याचं नाव नाही. काकांनी या खेळाची एकही मॅच आयुष्यात पाहिलेली नाही, पण माझा भाचा इथे न्यू जर्सीत शाळेच्या टीममधून खेळतो, म्हणून त्यांनी कौतुकानं पाठवला. दोन दिवसांत तोच मेसेज मला मंडळाच्या ग्रुपवर आणि कॉलेजच्या मित्रांकडूनही आला. मी नेहमीसारखा सोडून दिला असता.

पण रविवारी ताईचा फोन आला. शुक्रवारच्या मॅचमध्ये पोराच्या डोक्याला मार बसला होता. दोन दिवस खोलीतला दिवा लावू देत नव्हता, जेवण जात नव्हतं, आणि कोचला त्यानं एका शब्दानं सांगितलं नव्हतं. मी फोनवर विचारलं, तर म्हणतो, “मामा, सीझन अर्धा झाल्यावर कोण बाहेर बसतं? आजोबांच्या मेसेजमध्येपण तेच आहे ना.” ताईनंच त्याला तो मेसेज इंग्रजीत करून सांगितला होता, हौसेनं.

तर आता सोडून देत नाही.

ज्यांच्यापर्यंत हा मेसेज पोचलेला नाही त्यांच्यासाठी सातही नियम थोडक्यात. एक, अर्धा हंगाम संपला की सरावातली टक्कर दुप्पट करा. दोन, सरावात पाणी देणं बंद करा, थोर कोच बेअर ब्रायंट तेच करायचे. तीन, डोक्याला लागलं तरी खेळाडूला बाहेर काढू नका, एकदा बाहेर बसलेला मनानं कायमचा बाहेर जातो. चार, एका सहायक कोचला हाकला, बाकीचे आपोआप जागे होतात. पाच, दर आठवड्याला नवे प्ले, म्हणजे आखलेल्या चाली, घाला. सहा, डिसेंबरात हरणारी टीम सुपर बोल (व्यावसायिक लीग एनएफएलची अंतिम मॅच) जिंकत नाही, म्हणून मुख्य खेळाडूंना विश्रांती नाही. सात, थोर कोच लोम्बार्डी म्हणतात, जिंकणं हे सर्वस्व नाही, ती एकमेव गोष्ट आहे.

आधी तिसरा, कारण बाकीच्या बहुतेकांनी टीम हरेल, या एकानं मूल जाईल.

२००६ च्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लिस्टेट नावाचा १३ वर्षांचा मुलगा शाळेची मॅच खेळत होता. ऑक्टोबर म्हणजे शाळांच्या हंगामाचा बरोबर मध्य. मध्यंतराच्या जरा आधी टॅकल करताना, म्हणजे समोरच्याला धरून पाडताना, त्याचं डोकं जमिनीवर आपटलं. थोडा वेळ बाहेर बसला, मध्यंतरानंतर पुन्हा उतरला आणि मॅच संपेपर्यंत खेळला. संपल्यावर मैदानातच कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता, जीव वाचवायला कवटीचे भाग काढावे लागले. पुन्हा बोलायला लागेपर्यंतच कित्येक महिने गेले. त्या मुलाच्या नावानं वॉशिंग्टननं २००९ मध्ये कायदा केला: डोक्याला मार बसल्याची शंका जरी आली तरी खेळाडू त्याच क्षणी बाहेर, आणि लेखी वैद्यकीय परवानगीशिवाय परत नाही. २०१४ पर्यंत पन्नासच्या पन्नास राज्यांत असा कुठला ना कुठला कायदा झाला. आमच्या न्यू जर्सीत तो २०१० पासून आहे. म्हणजे काकांच्या मेसेजमधला नियम क्रमांक तीन इथल्या शाळेच्या कोचनं पाळला, तर तो कायदा मोडतो. सिंहाच्या चित्राखाली हे कुणी लिहिलेलं नाही.

हे कायदे उगाच घाबरून केलेले नाहीत. पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर मेंदूला झपाट्यानं सूज येऊ शकते. क्वचित घडतं, पण घडतं ते बहुतेक अशाच कोवळ्या वयात, आणि मग डॉक्टरांच्या हातात मिनिटं असतात. दुसरा मार मोठा असायला लागत नाही. बाहेरून बरेचदा काही दिसतही नाही. मोडलेला हात दिसतो, कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हिसका, दिसत नाही. बहुतेकदा पोरगं स्वतः बोललं तरच कळतं. म्हणून या नियमातलं सगळ्यात विषारी वाक्य आहे ते ‘मनानं कायमचा बाहेर जातो’. कोचनं हे वाचून काही केलं नाही तरी चालेल, पंधरा वर्षांच्या पोरानं वाचलं की काम झालं. तो बोलणं बंद करतो. आमच्याकडे तेच झालं.

आता पाणी. बेअर ब्रायंटची गोष्ट खरी आहे आणि ती नेहमी अर्धीच सांगितली जाते. १९५४ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या पोरांना जंक्शन नावाच्या गावी नेलं. दुष्काळी वर्ष, शंभर फॅरनहाइटच्या वरचं ऊन, दहाएक दिवस सराव, पाणी नाही. बसगाड्या भरून पोरं गेली होती, त्यातली बहुतेक रात्री-अपरात्री सामान उचलून पळाली. एकाला उष्माघात झाला, तो मरता मरता वाचला. इथपर्यंत मेसेजमध्येही आहे, शौर्यकथेसारखं. पुढचं नाही: त्या वर्षी ती टीम १ मॅच जिंकली आणि ९ हरली. ब्रायंट ३८ वर्षं मुख्य कोच होते, त्यातला तोट्यात गेलेला हंगाम हा एकच. दोन वर्षांनी, १९५६ मध्ये, तीच संस्था अपराजित राहिली आणि त्यात जंक्शनला टिकलेली पोरं होती, हे मान्य. पण त्याचं श्रेय तहानेला द्यायचं तर ९ पराभवांचंही द्या. शिवाय ती शिबिरं हंगामाच्या आधीची. उत्तरार्धाशी त्यांचा संबंध मेसेज लिहिणाऱ्यानं कुठून लावला, त्यालाच ठाऊक.

पहिल्या नियमावर मात्र जरा थांबतो, कारण तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो. परीक्षा जवळ आली की अभ्यास वाढवा, अशी आपली सवय. आपल्याकडच्या कुठल्याही बापाला पटेल. इथे गणित उलटं आहे. प्रत्येक टक्कर शरीरातून काहीतरी घेऊन जाते, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत कुणाचा खांदा, कुणाचा घोटा, कुणाचा गुडघा आधीच कामातून गेलेला असतो. उत्तरार्धातल्या कोचचं अर्धं काम म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी ११ धडधाकट माणसं उभी करणं.

खात्री पटत नसेल तर मिनेसोटातल्या सेंट जॉन्सच्या जॉन गॅग्लियार्डींकडे बघा. कोचिंगची सुरुवात १९४३ मध्ये, वयाच्या १६ व्या वर्षी: शाळेचा कोच युद्धावर गेला, टीम बंद पडायला आली, तर या पोरानं सांभाळली. सेंट जॉन्समध्ये १९५३ ते २०१२, म्हणजे ६० हंगाम. सरावात टॅकल नाही. अजिबात नाही, उत्तरार्धात नाही आणि पूर्वार्धातही नाही. शिट्टी नाही. दीड तासाच्या वर सराव नाही. थंडी फार पडली, डास फार झाले, तर आवरतं घ्यायचं. खेळाडूंनी ‘कोच’ म्हणायचं नाही, ‘जॉन’ म्हणायचं. (आपल्याकडे ‘सर’ न म्हणता शिकवणी चालेल का, हा विचार मी बरेचदा करतो.) निकाल: अख्ख्या कॉलेज कारकिर्दीत ४८९ विजय आणि ४ राष्ट्रीय विजेतेपदं. कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात इतक्या मॅच दुसऱ्या कुठल्याही कोचनं जिंकलेल्या नाहीत, ब्रायंटनीही नाही.

यावर लगेच कुणीतरी म्हणेल की ते छोटं कॉलेज, तिसऱ्या श्रेणीतलं. बरं. मग आयव्ही लीगमधलं डार्टमथ कॉलेज घ्या. बडी टीव्हन्स यांची टीम २००८ मध्ये दहाच्या दहा मॅच हरली होती. अशा वेळी बहुतेक कोच पोरांना एकमेकांवर घालतात. टीव्हन्सनी २०१० मध्ये सरावात आपल्याच खेळाडूला टॅकल करणं बंद करून टाकलं. पुढे तर टॅकलच्या सरावासाठी पळणारा यांत्रिक पुतळा तयार झाला. २०१५ मध्ये ९ विजय, १ पराभव आणि आयव्ही लीगच्या विजेतेपदात वाटा. पुढच्या वर्षी आयव्ही लीगच्या आठही कोचनी हंगाम चालू असताना सरावातली पूर्ण टक्कर बंद करायचं ठरवलं.

आणि व्यावसायिक एनएफएल? २०११ च्या करारानं अख्ख्या नियमित हंगामात पॅड घालून करायचे, म्हणजे टकरीचे, सराव १४ वर आणले. त्यातले ११ पहिल्या अकरा आठवड्यांत, उरलेल्या आठवड्यांसाठी फक्त ३. म्हणजे उत्तरार्धात टक्कर दुप्पट नाही, जवळपास बंद. शंभर-सव्वाशे किलोच्या, कोट्यवधी डॉलर कमावणाऱ्या माणसांसाठी ही मर्यादा, आणि आमच्या दहावीतल्या पोराला दुप्पट? न्यू जर्सीत शाळांना हंगामात आठवड्याला १५ मिनिटं पूर्ण टक्कर चालते, २०१९ पासून. त्याची दुप्पट केली तरी ती नियमाबाहेर.

चौथा नियम, सहायकाला हाकला. इथे मला थोडी माघार घ्यावी लागते, नाइलाजानं. २०१२ च्या डिसेंबरात बाल्टिमोर रेव्हन्सच्या जॉन हार्बॉनी आपला आक्रमणाचा कोच कॅम कॅमरन याला खरंच काढलं, जिम काल्डवेलना बसवलं, आणि त्याच हंगामाचा सुपर बोल जिंकला. मेसेजवाल्याला हे माहीत असावं. पण काढल्यानंतरच्या तीन मॅचपैकी रेव्हन्स दोन हरले होते, म्हणजे ‘आपोआप जागे’ वगैरे काही झालं नव्हतं. आणि २०२३ चे फिलाडेल्फिया ईगल्स त्यानं कसे विसरले? १० विजय, १ पराभव अशी सुरुवात. दोन मॅच हरल्यावर डिसेंबरात बचावाचे निर्णय शॉन देसाईंकडून काढून मॅट पॅट्रिशियाकडे दिले. पुढचीही हरले. शेवटच्या ७ पैकी ६ मॅच गेल्या, प्लेऑफची, म्हणजे बाद फेरीची, पहिलीच धरून.

पाचव्यातही अर्धं खरं आहे. उत्तरार्धात समोरच्या कोचकडे तुमच्या सात-आठ मॅचचं चित्रण असतं. थर्ड डाउनला, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नात, दोन यार्ड हवे असले की तुम्ही डावीकडे पळता, हे त्याला तुमच्याआधी कळलेलं असतं. म्हणून चांगले कोच मोकळ्या आठवड्यात स्वतःच्याच टीमचं चित्रण शत्रूच्या नजरेनं बघतात आणि सवयी मोजतात. पण त्यावरचा उपाय म्हणजे नव्या प्लेचा ढीग नाही. त्याच रचनेतून, तसंच उभं राहून, पळायच्या जागी पास टाकायचा, एवढंही पुरतं. उलट दुखापतींमुळे बाकावरची पोरं मैदानात आलेली असतात, त्यांना झेपेल एवढंच ठेवावं लागतं, म्हणून प्लेबुक, म्हणजे चालींची वही, नोव्हेंबरात पातळ होतं. ज्या लोम्बार्डींचं नाव मेसेजवाला सातव्या नियमात घेतो, त्यांच्या ग्रीन बे पॅकर्सची ओळखच मुळी एक प्ले होती, ‘स्वीप’, म्हणजे कडेनं वळसा घालून पळायची चाल. समोरच्याला ठाऊक असायचं काय येणार आहे, तरी अडवता येत नसे. घोटून घोटून बसवलेली.

सहावा नियम तर एका हंगामात आडवा होतो. २००९ मध्ये इंडियानापोलिस कोल्ट्सनी पहिल्या १४ मॅच जिंकल्या. पंधराव्या मॅचमध्ये पुढे असताना कोचनं मुख्य खेळाडू पेटन मॅनिंगला बाहेर काढलं, विश्रांतीसाठी. ती मॅच गेली, नंतरचीही गेली. (ते कोच कोण? वरचेच जिम काल्डवेल.) तिकडे न्यू ऑर्लीन्स सेंट्स १३ जिंकून शेवटच्या ३ ओळीनं हरले. मग सुपर बोलला कोण पोचलं? हेच दोघं. जिंकले सेंट्स, डिसेंबरात हरलेले. उलट २००७ मध्ये न्यूयॉर्क जायंट्स शेवटच्या बिनमहत्त्वाच्या मॅचमध्ये अपराजित पेट्रियट्सविरुद्ध पूर्ण ताकदीनं खेळले, ३८-३५ हरले आणि महिन्याभरानं त्यांनाच सुपर बोलमध्ये १७-१४ हरवलं. खेळवा की बसवा, यावर इथले जाणकार दर डिसेंबरात भांडतात आणि दर जानेवारीत ज्याचं खरं ठरतं तो शहाणा. यातून नियम काढायला व्हॉट्सअ‍ॅपचाच आत्मविश्वास लागतो.

सातवा: ते वाक्य मुळात लोम्बार्डींचं नाही, त्यांच्या आधी यूसीएलए विद्यापीठाचे कोच रेड सँडर्स ते म्हणत असत. बस.

भाच्याला सोमवारी डॉक्टरकडे नेलं. कन्कशनच निघालं. परतीच्या सहा पायऱ्या असतात: आधी रोजचं शाळा-अभ्यास, मग हलका व्यायाम, मग धावणं, मग टक्कर नसलेला सराव, डॉक्टरांनी लिहून दिलं की टकरीचा सराव, आणि शेवटी मॅच. दोन पायऱ्यांमध्ये निदान एक दिवस, आणि त्रास परत झाला तर एक पायरी मागे. तो सध्या दुसरीवर आहे, घरातल्या सायकलवर पंधरा मिनिटं. कोच त्याला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की पुढच्या वेळी त्याच रात्री सांग.

या शुक्रवारी तो जर्सी घालून बाकावर बसणार आहे, पाण्याच्या बाटल्या भरून द्यायचं काम मागून घेतलंय त्यानं. काकांना हे सगळं फोनवर सांगितलं. बराच वेळ गप्प राहिले, मग मेसेज ग्रुपवरून काढून टाकायचा कसा ते विचारलं. इतक्या दिवसांनी आता सगळ्यांच्या फोनवरून तो काढता येत नाही, म्हणून त्याच्याखाली हे टाकतोय.