आडवं काय येतंय ते सांगा, नुसतं ‘काँट्रॅक्ट मॅरेज’ पुरे करा

रविवारी रात्री माझ्या मामेबहिणीने आमच्या भावंडांच्या ग्रुपवर एक साधा प्रश्न टाकला. ‘बिकॉज धिस इज माय फर्स्ट लाइफ’ ही कोरियन मालिका आत्ता संपली, रडून डोळे सुजलेत, आता अशीच कुठली बघू? दहा मिनिटांत धडाधड नावं आली. ‘बिझनेस प्रपोजल’ बघ, काँट्रॅक्ट आहे. ‘सेक्रेटरी किम’ बघ, हीरो आधी थंड असतो मग वितळतो. एकाने कुठूनतरी उचललेली भली मोठी यादी आणून चिकटवली, प्रत्येक नावापुढे कंसात तीन-चार शब्द: फेक डेटिंग, श्रीमंत हीरो, एकाच घरात राहणं, सेकंड लीड म्हणजे दुसरा हीरो गोड. मालिकेत काय आहे याबद्दल कोणी एक वाक्य लिहिलं नाही. ती कशामुळे रडली हेही कोणी विचारलं नाही.

माझं डोकं फिरलं ते अजून जागेवर आलेलं नाही.

आधी ती मालिका काय आहे ते बघा. २०१७ ची, सोळा भागांची. जी-हो तिशीची, दुसऱ्या लेखकांच्या हाताखाली मालिका लिहिणारी. सोलमध्ये भावाबरोबर राहते. धाकटा भाऊ एक दिवस बायको घेऊन येतो, तिला दिवस गेलेले, म्हणून घर त्यांचं आणि ताईने आपलं सामान उचलायचं. बापाला यात काही वावगं वाटत नाही. दुसरीकडे से-ही. त्याचं स्वतःचं घर आहे, पण पगार त्या घराच्या हप्त्यांत जातो. कोरियात अशा माणसाला ‘हाउस पुअर’ म्हणतात, घर असून कंगाल. त्याला भाडेकरू हवाय, जो कचरा नीट वेगळा करेल आणि मांजराला वेळेवर खायला घालेल. हिला छप्पर हवंय. म्हणून लग्न. प्रेमाचं नाव नाही, घराण्याचा दबाव नाही, आजोबांचं इस्टेटपत्र नाही. दोन पगारदार माणसांना शहरात राहणं परवडत नाही, एवढंच कारण.

सोलमधल्या भाड्याच्या घरांची गोष्ट माहीत असेल तर ही मालिका अंगावर येते. तिथे ‘जॉन्से’ नावाची पद्धत आहे. घराच्या किमतीच्या निम्म्याहून जास्तसुद्धा असू शकेल अशी रक्कम घरमालकाकडे एकदम ठेवायची, मग दरमहा भाडं नाही, आणि मुदत संपली की रक्कम परत. मुंबईत हेवी डिपॉझिट म्हणतात ना, तोच प्रकार, पण तिथे तो पिढ्यानपिढ्या मुरलेला. एवढी पुंजी नसेल तर दरमहा भाडं, आणि त्यालाही वर डिपॉझिट आहेच. जी-होकडे पुंजी नाही. ती ज्या कागदावर सही करते त्याला तुम्ही ‘काँट्रॅक्ट मॅरेज ट्रोप’, म्हणजे ठरलेला साचा, म्हणता. तो भाडेकरार आहे हो!

आणि त्यातला तो भाग, जिथे ती सासरी पितरांच्या विधीला जाऊन दिवसभर स्वयंपाकघरात राबते. करारात हे नव्हतं, तरी राबते, कारण ‘चांगली सून’ दिसायचा मोह तिलाही होतो. मग से-ही त्याची परतफेड म्हणून तिच्या माहेरी किमची घालायला जातो आणि तिथे तो राबतो. सुनेच्या श्रमाचं मोल कोणीतरी हिशोबात मांडलं, आणि नवऱ्याने ते फेडलं. गौरी-गणपतीत चार दिवस सासरी ओट्यापाशी उभं राहून आलेल्या कुठल्याही बाईला हा प्रसंग दाखवा आणि तिचा चेहरा बघा. हे तुमच्या यादीत कुठल्या कंसात बसतं?

माझी मामेबहीण पुण्यात चौथ्या खोलीत राहतेय. तीन वर्षांत चार खोल्या. एका घरमालकाने डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले, दुसऱ्याला एकटी मुलगी नको होती. ती रडली ती जी-होच्या सुटकेसकडे बघून. आणि तिला उत्तर काय मिळालं, तर कंपनीचा वारस आणि त्याची कर्मचारी. ‘बिझनेस प्रपोजल’ मलाही आवडली, बारा भाग एका दमात बघितले मी, त्या मालिकेवर माझा राग नाही. मैत्रिणीच्या जागी मुलगा बघायला गेलेली मुलगी समोर आपलाच साहेब बघते, ही मजेची गोष्ट आहे आणि ती मजेने सांगितली आहे. पण तिथे कोणाचं घर जात नाही. काँट्रॅक्ट आहे म्हणून या दोन मालिका सारख्या म्हणणं म्हणजे पिवळी आहे म्हणून हळद आणि पिठलं एक म्हणणं. सुचवायचीच होती तर २००४ ची ‘फुल हाउस’ सुचवायची. जुनी आहे, पण तिथे निदान बापाने बांधलेलं घर मित्रांनी फसवून विकलंय आणि ती पोर त्या घरासाठी झगडतेय. धागा तरी एक आहे.

किती सोपं आहे हे! प्रेमकथेत दोघांच्या मधे आडवं काय येतंय ते बघायचं. छत्री, पाठुंगळीला घेणं, मनगट धरून ओढणं, पावसात बसस्टॉप, हे सगळीकडे असतं. ते बघून दोन गोष्टी सारख्या ठरत नाहीत. ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’मध्ये आडवी येते ती दोन कोरियांमधली सीमा. माणसांनी आखलेली, काटेरी तारेची, आणि पलीकडच्या गावात वीज जाते, रात्री-अपरात्री घराची झडती होते, भिंतीला कान लावून बसलेला माणूस पगारावर ठेवलेला असतो. ती मालिका लिहिणाऱ्या गटात उत्तर कोरियातून आलेला एक माणूस होता, म्हणून त्या गावातल्या बायका इतक्या खऱ्या वाटतात. ती संपवून हुंदके देणाऱ्या माणसाला तुम्ही ‘श्रीमंत हिरॉइन’ म्हणून दुसरी श्रीमंत हिरॉइन देता. ‘समथिंग इन द रेन’मध्ये आडवी येते आई, आणि ऑफिसातले ते साहेब लोक जे पार्टीत बायकांच्या अंगचटीला येतात. तिला ‘नूना (म्हणजे ताई) रोमान्स, हीरो लहान, फार गोड’ एवढंच लेबल लावून मोकळे होता. ती गोड आहे पहिले काही भाग. पुढे ती इतकी चिडवते की मी रिमोट आपटला होता.

माझ्या मावशीचं सांगते, कारण खरी ठिणगी तिथली आहे.

मावशीला ‘होमटाउन चा-चा-चा’ अतोनात आवडली. समुद्र, मासळी, आज्या, सगळ्या गावाची कामं करणारा तो होंग. तिने असंच काही मागितलं तेव्हा अॅपने आणि घरातल्या दोघांनी एकच नाव काढलं: ‘व्हेन द कमेलिया ब्लूम्स’. कारण? समुद्रकाठचं गाव. आता हे खरं आहे की दोन्ही मालिकांचं बरंचसं चित्रीकरण दक्षिण कोरियातल्या पोहांग भागात झालंय. गाव सारखं दिसणारच. पण मावशीने रात्री जेवण उरकून शांतपणे पहिला भाग लावला आणि सुरुवातीलाच समोर प्रेत. या मालिकेत खुनी मोकाट फिरतोय, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिने टीव्ही बंद केला. दोन महिने पुन्हा लावला नाही.

आणि त्याहून वाईट काय, तर जे सांगायला हवं होतं तेच कोणी सांगितलं नाही. त्या मालिकेतली दोंग-बेक लग्नाशिवाय झालेल्या मुलाला एकटीने वाढवते. खेकड्यांच्या खानावळींच्या रस्त्यावर एक छोटा बार चालवते आणि मान खाली घालून जगते. तिथल्या बायका तिच्याबद्दल काय काय बोलतात. आणि एक हवालदार येतो जो तिला रोज सांगतो की तू भारी आहेस, तू सगळ्यांत भारी आहेस, आणि ती हळूहळू मान वर करते. माझ्या मावशीने अठ्ठावीस वर्षं एकटीने मुलगा वाढवलाय. वाड्यातल्या बायकांनी तिला हळदीकुंकवाला बोलवायचं बंद केलं होतं ते मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. अख्ख्या जगातल्या मालिकांमधून तिच्यासाठी एक निवडायची असती तर हीच निवडायची होती! फक्त एक वाक्य पुढे जोडायचं होतं: यात एक खुनी आहे, पण ही तुझी गोष्ट आहे. कोणी जोडलं नाही, कारण सगळे समुद्र मोजत बसले होते.

शेवटी मीच तिच्या शेजारी बसून दोन महिन्यांनी पुन्हा सुरू केली. ज्या बायका आधी नावं ठेवतात त्याच पुढे दोंग-बेकच्या भोवती उभ्या राहतात, तेव्हा मावशी काही बोलली नाही. माझा हात धरून बसली होती, तो तिने भाग संपेपर्यंत सोडला नाही.

आता ‘माय मिस्टर’. हिच्याबद्दल लिहिताना माझे हात थरथरतात. ‘एज गॅप, ऑफिस रोमान्स’ असं लिहून ही मालिका प्रेमकथांच्या यादीत टाकणाऱ्यांनी ती बघितली तरी आहे का? एकवीस वर्षांची जी-आन कर्जात बुडालेली, ऑफिसातल्या इन्स्टंट कॉफीच्या पुड्या खिशात घालून नेणारी, ऐकू न येणाऱ्या आजीला चंद्र दिसावा म्हणून दुकानातल्या ढकलगाडीत बसवून रस्त्याने नेणारी. आणि दोंग-हून, इमारतींची मजबुती तपासणारा इंजिनिअर, जो म्हणतो की इमारत म्हणजे बाहेरचा जोर आणि आतला जोर यांची झुंज, आणि माणसाचंही तसंच. दोन थकलेली माणसं एकमेकांना मोडू देत नाहीत, ही गोष्ट आहे. त्यात प्रेमप्रकरण शोधत बसलेला माणूस चौथ्या भागात वैतागून सोडून देतो आणि वर सांगत सुटतो की फार रटाळ आहे. आणि ज्याला खरोखर तिची गरज होती तो ‘साहेब आणि पोरगी, शी’ म्हणून हातच लावत नाही. दोंग-हून झालेला ली सन-क्युन आज हयात नाही. त्याचं सगळ्यात शांत, सगळ्यात मोठं काम तुम्ही दोन शब्दांच्या चिठ्ठीखाली गाडून टाकता.

‘रिप्लाय १९८८’चं पण तेच. बालमित्र, प्रेमत्रिकोण, नवरा कोण ते ओळखा. अरे, पहिल्याच भागात दोन बहिणींचे वाढदिवस जवळजवळ येतात म्हणून एकाच केकवर काम उरकतात आणि मधली दोक-सन फुटते, तो प्रसंग मधल्या पोरांना सांगा की. बाप नंतर तिच्यासाठी वेगळा केक घेऊन गल्लीत बसतो आणि म्हणतो, मी पण पहिल्यांदाच बाप झालोय. वीस भागांची ती मालिका अर्धी आईबापांची आहे. ज्याचे आईबाप थकत चाललेत त्याला ती द्या. नवरा कोण याचं कोडं घेऊन बसणाऱ्याला ती लांबट वाटणारच.

बरं, ही लेबलं अजून एक घात करतात. गोष्ट फोडतात. ‘स्मृती जाते’, ‘टाइम स्लिप’, ‘शेवट दुःखी’ असं नावापुढेच लिहायचं! एका मालिकेचा शेवट मला असाच एका यादीतून कळला. कुठली ते इथे लिहीत नाही, कारण वाचणाऱ्यांत कोणीतरी ती अजून बघितली नसेल. सोळा भाग मी त्या दोघांना हसताना बघत होते आणि प्रत्येक हसण्यावर मला शेवट आठवत होता. ते सोळा तास मला कोणी परत देणार नाही.

कोणी म्हणेल, पण लोकांना तेच हवं असतं. हो, कधीकधी हवं असतं. मला पण हवं असतं. परीक्षा संपली, ऑडिट संपलं, डोक्याला काही नको, तर मग छत्री आणि थंड हीरोच हवा, आणि तेव्हा ‘बिझनेस प्रपोजल’सारखं दुसरं काही नाही. मागणाऱ्याने तसं मागितलं तर खुशाल द्या. पण जो रडून सुजलेल्या डोळ्यांनी ‘अशीच’ म्हणतोय त्याला आधी विचारा, ‘अशी म्हणजे कशी? कुठे रडलीस?’ एवढा एक प्रश्न टाईप करायला दहा सेकंद लागतात. यादी चिकटवण्यापेक्षा कमी.

मी तिला फोन केला. विचारलं. ती म्हणाली, ‘ताई, ती सुटकेस घेऊन बाहेर पडते ना, तिथे.’ मग मी तिला ‘माय लिबरेशन नोट्स’ सांगितली, २०२२ ची. त्यात से-ही झालेला ली मिन-कीच आहे, पण ते कारण नाही. तीन भावंडं सोलबाहेर राहतात, रोज नोकरीसाठी तासन् तास प्रवास करतात, आणि एका मुलीने त्या भावाला तोंडावर सांगितलंय की सोल म्हणजे अंड्यातला पिवळा बलक आणि तुमचा भाग भोवतीचा पांढरा. तिला हेही सांगितलं की सुरुवातीला काही घडत नाही, तो मिस्टर गू बोलतच नाही, नुसता पितो, आणि रडू येईल तर ते कुठल्या मोठ्या प्रसंगावर येणार नाही. काँट्रॅक्ट नाही, साहेब नाही. शहराच्या कडेला राहून थकलेली माणसं आहेत, तुझ्यासारखी.

काल तिचा मेसेज आला. चौथ्या भागावर आहे. खोली बदलायची तारीख महिनाअखेरची आहे, त्याआधी संपवायची म्हणते. ग्रुपवरच्या सगळ्यांना सांगून ठेवलंय: तिला मधेच कोणी शेवट सांगितला तर माझ्याशी गाठ आहे.