गुढी, सुया आणि एचओए

नॉर्थ कॅरोलायनात रॉलीच्या आसपास घर घेताना झाडांचे पैसे वेगळे पडतात. मागच्या अंगाला उंच लॉबलॉली पाइन, ओक, स्वीटगम असली की किंमत चढते. आम्ही ते पैसे हौसेने मोजले. सह्यांच्या गठ्ठ्यात एचओएची, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेची, नियमावलीही होती. ती कुणी वाचत नाही. पहिलं पत्र आलं की मग रात्री जेवणं झाल्यावर तिचं पारायण सुरू होतं.

एवढ्या पानांचा अर्थ थोडक्यात असा की, जंगल जरूर असावं, पण ते जंगलासारखं दिसू नये.

पाइनच्या सुयांचंच घ्या. शरदात आमच्या अंगणात त्यांचा जाड थर साचतो. हिरवळीवर त्या दिसता कामा नयेत, म्हणून अख्खा शनिवार पंजा ओढत त्या गोळा करायच्या आणि रस्त्याच्या कडेला ढीग लावायचा. नगरपालिकेची गाडी तो उचलून नेते. पण झुडपांच्या वाफ्यांत उघडी मातीही दिसता कामा नये. मग रविवारी दुकानात जाऊन पाइनच्या सुयांचे गठ्ठे विकत आणायचे! त्या लाँगलीफ पाइनच्या असतात, लांब आणि तांबूस. आमच्या झाडाच्या आखूड. फरक आहे, नाही असं नाही. पण वरून फुकट पडतं ते टाकायचं आणि तेच पैसे देऊन आणायचं, हे सांगलीहून आलेल्या आमच्या आईला अजून पटलेलं नाही. शेजाऱ्यांनी लावलेला ढीग अंधार पडल्यावर आपल्या वाफ्यात ओढून आणावा, असा तिचा बेत होता. मी नियमावली चाळली. त्याविरुद्ध एकही नियम सापडेना, तेव्हा मला जास्तच भीती वाटली.

झाड तोडायचं तर आधी अर्ज, सोबत झाडांच्या डॉक्टरचं पत्र. १९९६ च्या सप्टेंबरात फ्रॅन वादळाने या भागातली झाडं आडवी केली, ती मात्र विनाअर्ज. कुंपण चार फुटांच्या वर न्यायचं नाही. इथलं हरीण सात फूट सहज उडी मारतं. ते संध्याकाळी येऊन जास्वंदीच्या कळ्या खातं आणि 'बागेची निगा राखावी' असं पत्र मला येतं. घराच्या रंगांची यादी ठरलेली आहे: बेज, फिकट बेज आणि जरा दमलेला बेज.

पुण्यातल्या सोसायटीच्या सेक्रेटरींशी निदान जिन्यात भांडता यायचं. इथे भांडायला माणूसच समोर येत नाही. येतं ते पत्र, आणि त्यात आपल्याच घराचा रस्त्यावरून काढलेला फोटो. शिवाय मागे कायदा आहे. १९९९ पासून लागू असलेल्या राज्याच्या कायद्यानुसार सुनावणी घेऊन १०० डॉलरपर्यंत दंड करता येतो, आणि निकालानंतर पाच दिवस उलटले तरी सुधारणा नसेल तर पुढे दर दिवसाला तेवढाच.

पाडव्याला आम्ही वरच्या बाल्कनीत गुढी उभारली. काठापदराची हिरवी साडी, कडुलिंब नाही म्हणून अंगणातलीच एक डहाळी, साखरेच्या गाठी आणि वर पालथा तांब्या. हवेत पाइनचे परागकण होते. ते दिवस असे असतात की गाड्या, डेक, माणसं सगळ्यांवर पिवळी भुकटी बसते. दुपारपर्यंत गुढीला आपोआप हळद लागली. आई खूश.

संध्याकाळी गुढी उतरवली आणि त्याच आठवड्यात पत्र आलं: 'मंजुरी नसलेला ध्वज'. मी अभ्यासाला बसलो. अमेरिकेचा झेंडा लावायला एचओए मनाई करू शकत नाही, असा २००६ चा केंद्रीय कायदा आहे. एक मीटरपर्यंतच्या डिश अँटेनालाही १९९६ पासून केंद्राचं अभय आहे. आमची गुढी यातल्या कशातच बसेना. तांब्या डिश म्हणून खपवावा, असं बायकोने सुचवलं. व्यासाच्या दृष्टीने तो बसत होता, पण मी धीर केला नाही.

शेवटी सविस्तर उत्तर लिहिलं: हा ध्वज नव्हे, सण आहे, वर्षातून एकदा येतो आणि सूर्यास्ताला संपतो. पुरावा म्हणून रिकाम्या बाल्कनीचा फोटो जोडला.

उत्तर चक्क सौजन्याचं आलं. सणाच्या शुभेच्छा होत्या, प्रकरण बंद केल्याचं कळवलं होतं. खाली दुसरा परिच्छेद होता: 'आपण पाठवलेल्या फोटोत खालच्या डेकवर कापडावर मांडलेल्या पांढऱ्या, गोल, जाळीदार वस्तू दिसतात. ही बाह्य सजावट असल्यास कृपया सोबतचा फॉर्म भरावा.'

मी आईला वाचून दाखवलं. तिने कुरडया उलटवता उलटवताच विचारलं, "कमिटीत माणसं किती आहेत रे? तेवढ्या तळून देते, फॉर्मबरोबर पाठव."