चारा भरपूर, तरी दूध का घटतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

मागच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की उन्हाळ्यात दूध घटतं ते हिरवा चारा संपतो म्हणून. उन्हाचं निमित्त करून फॉगर (पाण्याचं बारीक धुकं उडवणारं यंत्र) आणि पंखे शेतकऱ्याच्या गळ्यात मारायचा हा धंदा आहे, आणि देशी गाय घेतली की प्रश्न मिटतो, असंही म्हणालात. कडक लिहिलंत, पण मुद्द्याला धरून लिहिलंत, म्हणून सविस्तर लिहितो.

चाऱ्याचं म्हणणं निम्मं खरं आहे. अमेरिकेत ॲरिझोनात गाईंचे दोन गट केले होते. एक उकाड्यात, दुसरा गारव्यात. उकाड्यातल्या गाई जेवढं खात, तेवढंच मोजून गारव्यातल्या गाईंना घातलं. खाणं सारखं, तरी उकाड्यातल्या गाईंचं दूध कितीतरी जास्त घटलं. कमी खाण्यामुळे झालेली घट फार तर निम्मी भरली.

गेल्या मे महिन्यात आमच्या गोठ्यात मुरघास (मुरवून साठवलेला हिरवा चारा) होता, पेंड होती. दुपारी दोनला गव्हाण भरलेली आणि तिसऱ्या वेताची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, जास्त दूध देणारी विदेशी जातीची गाय) जीभ काढून उभी. बसेना, कारण उभ्या अंगाला वारा जास्त लागतो. घड्याळ धरून तिच्या कुशीची वर-खाली मोजली: मिनिटाला ८८. साठच्या पुढे गेलं की गाय उन्हानं त्रासलीय असं समजायचं. धापणारी गाय रवंथ कमी करते, लाळ बाहेर गळून जाते, आणि पोटातलं आम्ल मोडणारा सोडा त्या लाळेतच असतो. मग पोट आंबतं, दुधातली फॅट उतरते. संकलन केंद्रावर दर कापला की आपण पेंडीला नावं ठेवतो.

आता देशी गाय. खिलार ही देशी जात आमच्या माणदेशातलीच. ऊन सोसते, वादच नाही. पण ती पिढ्यान्‌पिढ्या बैलांसाठी जपलेली. ज्यानं कर्ज काढून एचएफ आणलीय, त्यानं तिच्या दुधावर हप्ता कसा भरायचा?

फॉगर मी विकत नाही. वारा न फिरणाऱ्या गोठ्यात नुसता फॉगर लावला तर दमटपणा वाढून गाय उलट जास्त धापते. त्याआधी पत्र्यावर उसाचं पाचट टाका, पाणी सावलीत ठेवा, वैरण पहाटे आणि रात्री घाला.

माझा जीव तुटतो तो आटवलेल्या गाईसाठी, म्हणजे व्यायच्या आधी दोनेक महिने धार काढणं थांबवलेल्या गाईसाठी. धारेची गाय सावलीला आणि आटवलेली बाहेर खुंटीला, हेच आपण करत आलो. आमच्याकडेही वर्षानुवर्षं हेच चाललं. खरं तर त्याच दोन महिन्यांत कासेत पुढच्या वेताच्या दुधासाठी नव्या पेशी तयार होतात. फ्लोरिडात आटवलेल्या गाईंना गारवा दिला, तेव्हा पुढच्या वेतात दिवसाला साधारण चार लिटरचा फरक पडला. पोटातल्या कालवडीलाही त्या उन्हाची झळ लागते. मोठी होऊन व्याल्यावर तीही कमी दूध देते. जूनमध्ये व्यालेली गाय दिवाळीत कमी पडली की आपण तिला खोट देऊन बाजार दाखवतो. मे महिन्यात ती कुठं बांधली होती, हे कुणी विचारत नाही.

तुमच्याकडे आटवलेली गाय असेल तर उद्या दुपारी दोनला तिची धाप मिनिटभर मोजा आणि आकडा इथंच लिहा. मी वाट बघतो.