जावईबापू, तिथे आहे काय?

"जावईबापू, तिथे आहे काय? पाणीच ना?"

परवा एका बैठकीत हे वाक्य मी पाच वेळा ऐकलं. म्हणणाऱ्या गृहस्थांनी आपली मुलगी कुणाला दिली आहे ते मला ठाऊक नाही. माझ्या होणाऱ्या नवऱ्याला तरी नक्कीच दिलेली नाही. ट्रॅव्हल एजंटच्या ऑफिसात तीन खुर्च्या होत्या. दोन आमच्या, तिसरी त्यांची. मांडीवर प्लास्टिकची फाइल, फाइलवर चष्म्याचं घर, आणि चेहऱ्यावर दोन तास एसीत बसल्याचा थंडावा. आम्ही 'हनिमून' हा शब्द उच्चारला मात्र, काकांनी खुर्ची आमच्याकडे वळवली. ती फिरती नव्हती. उचलून वळवली.

माझा राग काकांवर नाही. म्हणजे आहे, पण मुख्य राग होणाऱ्या नवऱ्यावर आहे. तो मान डोलावत होता.

माझ्याकडे तक्ता होता. अकरा रकाने: पाऊस, वारा, पाण्याचं तापमान, भरती-ओहोटी, जेलीफिश, व्हिसा, वाटेतल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा, लसी, विमानं किती बदलायची, घड्याळातला फरक, आणि शेवटी 'समुद्र सोडून काय'. हा शेवटचा रकाना माझा. त्याला वाळूत पालथं पडायचं आहे. मला पायाखाली काहीतरी जुनं, दगडी आणि तिकीट लावून दाखवलं जाणारं हवं आहे. आणि दोघांनाही लांब जायचं आहे, कारण जवळ गेलं की नातेवाईक भेटतात. म्हणजे एकाच रजेत दोन सहली कोंबायच्या.

रजा दहा दिवसांची. 'दहा दिवस' हा शब्दच फसवा. रात्री मोजायच्या असतात. दहा दिवसांच्या नऊ रात्री, त्यातली जाताना एक विमानात, येताना एक विमानात, उरल्या सात. हॉटेल बदललं की अर्धा दिवस बुडाला: इकडे सकाळी अकराला खोली रिकामी करायची, तिकडे दुपारी तीनशिवाय मिळत नाही, मध्ये तुम्ही आणि बॅगा. म्हणून सात रात्रींत मुक्काम दोनच, फार तर तीन. आधी शहरं आणि अवशेष, नंतर समुद्र. उलटं केलं तर वाळूची सवय लागलेला माणूस पहाटे साडेपाचला अवशेष बघायला उठत नाही. पण शेवटची रात्र बेटावर काढायची नाही, मोठ्या विमानतळाजवळ काढायची. बेटावरची बोट आणि छोटं विमान वाऱ्याच्या मर्जीने चालतं, परतीचं मोठं विमान मात्र कुणासाठी थांबत नाही. आणि जमलं तर एका शहरात उतरून दुसऱ्याच शहरातून परतीचं तिकीट काढायचं. तेवढ्याने उलट्या वाटेचा एक दिवस वाचतो.

हे सगळं मी सांगितलं. काका म्हणाले, "बारा दिवसांची रजा घ्या की." मान डोलली.

खरं दुखणं तारखेचं आहे. हनिमूनची जागा आपण निवडत नाही, लग्नाची तारीख निवडते. आमची तारीख मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातली, कारण हॉल तेव्हाच मोकळा होता. समुद्राला कुणी विचारलं नाही. समुद्राचं पंचांग वेगळंच असतं, आणि मार्चला तिथे जवळजवळ सगळीकडे काहीतरी अशुभ आहे.

"मॉरिशस," मी पहिली ओळ वाचली. बेट जेमतेम पासष्ट किलोमीटर लांब, त्यामुळे एकाच हॉटेलात राहून सगळं पाहता येतं. ल मॉर्नचा डोंगर, शामारेलची सातरंगी माती, पोर्ट लुईचा आप्रवासी घाट. पण नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा मोसम. दर वर्षी वादळ धडकतंच असं नाही, पण इशाऱ्याच्या चार पायऱ्या आहेत आणि तिसरीवर सगळं बंद. जून ते सप्टेंबर गेलात तर वादळ नाही, मात्र आग्नेयेचा वारा पूर्व किनाऱ्याला झोडपत असतो; तेव्हा हॉटेल पश्चिमेला घ्यायचं.

"जावईबापू, तिथे आहे काय? पाणीच ना?"

"टांझानिया आणि झांझिबार." इथे माझा आवाज जरा चढला, कारण ही जोडी कागदावर नामी आहे: सेरेंगेटीत प्राणी, स्टोन टाउनच्या जुन्या गल्ल्या, मग वाळू. पण मार्चच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत मोठा पाऊस, त्या दिवसांत जंगलातले कित्येक कॅम्प बंदच असतात. जंगलातून बेटावर नेणाऱ्या चिमुकल्या विमानात माणशी पंधरा किलो, तेही हातातली पिशवी धरून, आणि बॅग मऊ कापडाची हवी. चाकांची टणक बॅग त्या विमानाच्या पोटात शिरत नाही. लग्नात भेट म्हणून नेमकी तशीच बॅग मिळते. आणि झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावर ओहोटीला समुद्र इतका मागे जातो की पोहण्यासाठी आधी चालायला लागतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला सगळ्यात लांब, भांगाच्या भरतीला त्या मानाने कमी. म्हणजे पौर्णिमा साधून मधुचंद्राला गेलात तर चंद्र समोर आणि समुद्र गावाला. उत्तरेला नुंग्वी-केंड्वाकडे राहिलं तर हा ताप बराच कमी.

काकांनी हे लक्ष देऊन ऐकलं. "समुद्र निघून जातो?"

"हो, ओहोटीला."

"परत येतो ना?"

"येतो."

"मग झालं तर!" आणि नवऱ्याकडे वळून, "माणसं निघून जातात ती परत येत नाहीत, जावईबापू." यावर काय बोलणार? नवऱ्याने तर डोळे मिटून मान डोलावली, जणू कुणीतरी अभंग म्हटला.

बालीच्या ओळीला मार्चमध्ये पावसाचा शेवट लागतो, ते चालून जाईल. पण तिथल्या नववर्षाचा मौनदिवस, न्येपी, बहुधा मार्चमध्येच येतो. त्या दिवशी चोवीस तास विमानतळ बंद, रस्ते बंद, दिवे मंद, पाहुण्यांनीसुद्धा हॉटेलच्या आवाराबाहेर पाऊल टाकायचं नाही.

"म्हणजे दिवसभर खोलीत?" काकांनी विचारलं.

"हो."

"अहो, मग हनिमूनला जाऊन दुसरं काय करतात?"

एजंट फोनवर बोलता बोलता हसला. आमच्याकडची मान या वेळी जरा जास्तच वेगाने डोलली, ते मी नोंदवून ठेवलं आहे.

ऑस्ट्रेलियाचा क्वीन्सलँड: दोन हजारांहून जास्त किलोमीटर पसरलेले प्रवाळ, पण नोव्हेंबर ते मे किनाऱ्याच्या पाण्यात विषारी जेलीफिश. जाळी लावलेल्या पट्ट्यातच पोहायचं, नाहीतर बोटाच्या टोकापर्यंत अंग झाकणारा चिकट सूट चढवायचा. ("हनिमूनला?" "हो काका, हनिमूनलाही.") ताहिती पावसात, शिवाय वाटेत तारीखरेषा: ऑकलंडहून निघालात तर आदल्या दिवशी पोचता, आणि हॉटेलचं बुकिंग हटकून चुकीच्या रात्रीचं होतं. केप टाउनला मार्च म्हणजे उत्तम हवा. १,०८५ मीटरचा टेबल माउंटन आहे, फक्त वारा सुटला की वर जाणारी केबल कार बंद ठेवतात, म्हणून पहिल्याच स्वच्छ सकाळी उरकून घ्यायचं. पण समुद्र? अंटार्क्टिकाकडून येणारा बेंग्वेला प्रवाह आणि खालचं गार पाणी वर खेचणारा वारा. ऐन उन्हाळ्यात घोट्यापर्यंत पाय घातला तरी दात वाजतात.

"फोटोत गार दिसतं का पाणी?" काकांनी विचारलं.

याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

इथे थोडं विषयांतर, कारण डोकं तापलेलंच आहे. 'सी व्ह्यू' म्हणजे समुद्र दिसतो. 'पार्शल सी व्ह्यू' म्हणजे बाल्कनीत टाचा उंचावून, कठड्यावरून वाकून, शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या टॉवेलच्या डावीकडे दिसतो. 'बीच फ्रंट' म्हणजे दारात वाळू. 'बीच साइड' म्हणजे मध्ये रस्ता असू शकतो. 'डबल' म्हणजे एक पलंग, 'ट्विन' म्हणजे दोन सुटे. ही चूक निस्तरताना रात्री अकराला दोन अनोळखी माणसं खोलीत येऊन पलंग जोडतात आणि मधली फट आठवडाभर राहते. हनिमूनची सवलत हवी तर पुष्कळ रिसॉर्ट लग्नाचा दाखला मागतात, सहा महिन्यांच्या नाहीतर वर्षाच्या आतला. लग्न रविवारी आणि विमान मंगळवारी असेल तर दाखला आणायचा कुठून? एवढं करून सवलत काय, तर टॉवेलचे दोन हंस.

आणि हे सगळं बघायचं कुणी? रात्री दोनपर्यंत वाऱ्यांचे नकाशे मी बघितले. त्याला घरात 'हौस' म्हणतात. "तिला हौस आहे ना." उद्या तिथे पाऊस लागला की हौस संपेल आणि "तूच ठरवलं होतंस" सुरू होईल.

असो. तक्त्यात एक ओळ हिरवी होती.

"मेक्सिको," मी म्हणाले. "युकातान."

"तिथे आहे काय?"

"पिरॅमिड आहेत."

काका एजंटकडे वळले. "पिरॅमिड इजिप्तला असतात. मुलीला कुणीतरी फसवलंय."

मी कानकुनचा किनारा आणि चिचेन इत्साचे जुने अवशेष यांचं सगळं गणित मांडलं. डिसेंबर ते एप्रिल तिकडे कोरडी हवा. मोठ्या पिरॅमिडला चार बाजूंना एक्क्याण्णव-एक्क्याण्णव पायऱ्या आणि वरची एक, मिळून ३६५. आता चढू देत नाहीत, खालून मोजायच्या. २०-२१ मार्चच्या सुमाराला दिवस-रात्र समान होतात तेव्हा उतरत्या उन्हात पायऱ्यांच्या कडेवर सापासारखी सावली सरकते आणि ती पाहायला अफाट गर्दी लोटते. म्हणून ते दोन दिवस टाळायचे, नाहीतर सापाऐवजी माणसांच्या पाठी दिसतात. कानकुनपासून अंतर सुमारे दोनशे किलोमीटर. कानकुनचं घड्याळ चिचेन इत्साच्या एक तास पुढे, त्यामुळे जाताना एक तास मिळतो आणि परतताना तोच कापला जातो. संध्याकाळची बोट ठरवताना बरेच जण इथेच फसतात. किनाऱ्यावर सार्गासम नावाचं तपकिरी शेवाळ येतं, ते मुख्यतः वसंतापासून उन्हाळाभर. मार्चमध्ये नशिबावर, म्हणून इस्ला मुहेरेस बेटाच्या उत्तर टोकाला राहायचं, तिथे कमी लागतं. आणि अमेरिकेत विमान बदलायचं नाही! नुसतं बदलायचं असलं तरी व्हिसामाफी नसलेल्यांना ट्रान्झिट व्हिसा लागतो, बॅगा उतरवून पुन्हा चढवाव्या लागतात.

"जाताना एक तास फुकट मिळतो?" एवढंच काकांच्या पदरात पडलं होतं. पण ते प्रसन्न दिसले.

मग मीच आगाऊपणा केला. त्यांच्या फाइलवर 'रिफंड' लिहिलेलं दिसलं, आणि मला सूड सुचला. म्हटलं, "काका, दोन वेगळी तिकिटं काढली होती ना? पहिलं विमान उशिरा पोचलं, दुसरं चुकलं? मग पैसे मिळणार नाहीत. एकाच तिकिटावर दोन्ही प्रवास असतील तरच पुढचं विमान देण्याची जबाबदारी कंपनीची. सुटी तिकिटं म्हणजे दोन सुटे करार. मध्ये तीन-चार तास तरी ठेवायचे, आणि बॅगाही आपणच उचलून पुन्हा द्यायच्या." सगळं सविस्तर सांगितलं. काका "अस्सं, अस्सं" करत राहिले. होणाऱ्या नवऱ्याने "अगं, जाऊ दे ना" म्हणून पाहिलं. मी जाऊ दिलं नाही.

एजंटचा फोन संपला. त्याने फॉर्म सरकवला. मी पेन घेतलं आणि 'प्रवाशाचं नाव' या रकान्यात, आयुष्यात पहिल्यांदाच, नवीन आडनाव लावून नाव लिहिलं. अक्षरही चांगलं आलं.

काकांनी घर उघडून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि फॉर्मवर वाकले.

"मुली, पासपोर्टवर हेच नाव आहे?"

अकरा रकाने होते. एवढाच नव्हता.

"तिकिटावर पासपोर्टात छापलंय तेच नाव लागतं," काका अगदी हळू म्हणाले. "एखादं अक्षर चुकलं तर करून देतात. आडनावच वेगळं म्हटल्यावर काउंटरवरची मुलगी नाही म्हणाली." त्यांनी फाइल उघडली. वर सुनेचं तिकीट होतं, नव्या आडनावाचं.

"मग मुलगा एकटाच गेला?"

"नाही हो. दोघं टॅक्सीने परत आले. तेव्हापासून ती बोलत नाही कुणाशी." त्यांनी चष्मा परत घरात ठेवला. "चार दिवस तिला तेच सांगतोय, तिथे आहे काय? पाणीच ना?"

मी एजंटकडे दुसरा फॉर्म मागितला. शेजारी मान डोलत होती.