इंजिनाची पाठवणी

नाशिक जिल्ह्याला माल बाहेर धाडण्याचे शिक्षण कुणी द्यावे लागत नाही. लासलगावचा कांदा, निफाडची द्राक्षे आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले सुटे भाग रोज रात्री आपापल्या वाटेने मार्गस्थ होतात. इगतपुरीला तर इंजिनांचाच कारखाना आहे. अशा जिल्ह्यातून एखाद्या गृहस्थाला एक जुने इंजिन नागपूरला पाठवायचे असेल, तर एका फोनवर काम व्हायला हरकत नसावी. प्रत्यक्षात कारखान्यातून शंभर इंजिने पाठवणे सोपे आणि घरून एक पाठवणे अवघड, कारण शंभर इंजिनांसाठी व्यवस्था असते आणि एकासाठी फक्त सल्ले असतात.

हे इंजिन माझ्या वडिलांच्या ट्रकचे. टाटांचे ६९७, म्हणजे सहा सिलिंडर, प्रत्येकाचा बोअर (आतला व्यास) ९७ मिलिमीटर आणि एकूण क्षमता ५६७५ सीसी. ट्रकचा सांगाडा भंगारात गेला, पण इंजिन चालू स्थितीत असल्यामुळे ते आडगाव शिवारातल्या आमच्या शेडमध्ये राहिले. नागपूरचे मामेसासरे कोषागारातून निवृत्त झाले आहेत आणि त्यांच्या वडिलांचा त्याच जातीचा ट्रक पुन्हा रस्त्यावर आणायचा, असा ध्यास त्यांनी निवृत्तीनंतर घेतला आहे. आमच्याकडे इंजिन असल्याचे कळताच त्यांचा फोन आला. “जावईबापू, तुम्ही फक्त ते गाडीत टाकून द्या, पुढचं मी बघतो.” या वाक्यातले ‘टाकून द्या’ हे क्रियापद नेमके कुणी पार पाडायचे, हा या लेखाचा विषय आहे.

पहिला प्रश्न वजनाचा. शेजारच्या काकांनी ते बघताक्षणी एक टन सांगितले, नाशिकच्याच द्वारका भागातल्या मिस्त्रींनी चारशे किलो सांगितले आणि हमालांच्या मुकादमाने इंजिनाभोवती एक सावकाश फेरी मारून “दहा गोण्या” असा निकाल दिला. मार्केट यार्डात सारे आयुष्य गेलेल्या माणसाला पन्नास किलोंच्या गोणीपलीकडचे परिमाण पटत नाही. “दहाच ना? मग उचला की,” असे मी म्हणताच त्याने माझ्याकडे दयेने पाहिले आणि म्हणाला, “साहेब, दहा गोण्या दहा वेळा उचलता येतात.” एवढे बोलून तो निघून गेला. (या इंजिनाची वंशावळ ज्या डाइमलर-बेंझशी जोडली जाते, त्या कंपनीबरोबरचा टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, करार १९६९ साली संपला आणि महाराष्ट्रातला हमालांसाठीचा माथाडी कायदाही १९६९ सालचाच आहे. इंजिन आणि हमाल यांचे जमू नये, हे तेव्हाच ठरले असावे.)

मिस्त्रींनी ऑईल काढले, पाणी काढले, पंपातले आणि फिल्टरमधले डिझेल काढले आणि इंजिन कोरडे झाल्याचे जाहीर केले. त्यानंतरही ते रोज थोडे थोडे गळत राहिले. वाहतूकवाल्यांची अट मात्र स्पष्ट होती, की गळणारा माल चालणार नाही, कारण शेजारी पैठण्यांचे गठ्ठेही असू शकतात. तेव्हा मिस्त्रींनी नळ्यांच्या तोंडांना प्लास्टिकच्या टोप्या बसवल्या, मॅनिफोल्डवर, म्हणजे हवा-धुराच्या वाटांवर, प्लायवूडच्या पट्ट्या आवळल्या आणि उरलेल्या भोकांत कापसाच्या वेस्टचे बोळे कोंबले. प्रत्येक बोळ्याला त्यांनी लाल सुतळीचे लांब शेपूट बांधले आणि शेवटी टॅपेट कव्हरवर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणावर, ऑईलपेंटने ठळक अक्षरांत लिहिले: ‘बोळे ५, काढल्याशिवाय सेल्फ मारू नये’. एखादा बोळा आत राहिला आणि सेल्फ मारला, तर पुढे काय होते याचे त्यांनी केलेले वर्णन मी येथे देत नाही, कारण काही वाचक जेवत असतील.

खोके करणारे गृहस्थ अंबडहून आले. त्यांचा पहिला प्रश्न होता, “एक्स्पोर्ट आहे का?” नागपूर म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. परदेशी जाणाऱ्या खोक्याचे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसवर सलग ३० मिनिटे तापवून त्यावर शिक्का मारावा लागतो, आणि त्या शिक्क्याचे पैसे वेगळे असतात. “नागपूरला काय, इथली कीड तिथं गेली तरी सरकारला फरक पडत नाही,” असे खिन्नपणे म्हणत त्यांनी टेप काढली. माणूस मात्र आपल्या कामात पक्का होता. इंजिनाच्या तळाशी असलेले ऑईलचे चेंबर पत्र्याचे असते. सगळा भार त्याच्यावर आला तर ते चेपते, म्हणून इंजिन फाउंडेशनच्या जागांवर आणि मागे फ्लायव्हीलच्या हाउसिंगवर तोलले गेले पाहिजे, हे त्यांनी मला तीनदा सांगितले आणि मिस्त्रींनी चौथ्यांदा सांगितले. आधी चार बाय चार इंची फळकुटांचा पाया झाला, त्याखाली फोर्कलिफ्टचे दात शिरतील एवढी फट ठेवली गेली, मग चेनकुप्पीने, म्हणजे साखळीच्या कप्पीने, इंजिन उचलून पायावर बसवले आणि बोल्टांनी जखडले, आणि भिंती त्यानंतरच उभ्या राहिल्या. भिंतीही सलग नव्हत्या, तर विरळ पट्ट्यांच्या होत्या. “आत काय आहे ते दिसलं, तर कुणी त्यावर बसत नाही आणि उलटंही ठेवत नाही,” हा त्यांचा युक्तिवाद मला आजही बिनतोड वाटतो. फ्लायव्हीलमुळे भार मागच्या अंगाला अधिक, म्हणून तोल जिथे साधतो तिथे त्यांनी खोक्यावर लाल रेघ मारली.

हायड्राने, म्हणजे चाकांवरच्या क्रेनने, खोके टेम्पोत ठेवले आणि आम्ही वजनकाट्यावर गेलो. तेथे भरलेल्या वजनातून रिकाम्या टेम्पोचे वजन वजा करायचे असते. पहिले वजन झाले तेव्हा चालक आपल्या जागेवर बसलेला होता. खोके गोदामात उतरवून टेम्पो पुन्हा काट्यावर आला, तेव्हा चालक टेम्पो उभा करून चहाला निघून गेला होता. परिणामी इंजिनाचे वजन चालकाच्या वजनाने वाढले आणि तो चांगला भरदार माणूस होता. त्याला टपरीवरून बोलावून पुन्हा बसवल्यावर खोक्यासकट ५४० किलो भरले. खोक्याचे लाकूड वजा केले, तर मुकादम आणि मिस्त्री यांच्यामध्ये कुठेतरी इंजिन येते. काकांनी एक टनाचा आग्रह अद्याप सोडलेला नाही.

आडगाव ट्रक टर्मिनसजवळच्या वाहतूक कचेरीतले कारकून बिल्टी, म्हणजे मालाची वाहतूक पावती, फाडण्यापूर्वी मालाची किंमत विचारतात. हा प्रश्न साधा वाटतो, पण किंमत जास्त लिहिली तर कागद वाढतात आणि कमी लिहिली तर माल हरवल्यावर हातात काही पडत नाही. राज्यांतर्गत वाहतुकीला १ लाख रुपयांपर्यंत ई-वे बिल (मालवाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) लागत नाही, हे मी नम्रपणे निदर्शनास आणले. त्यावर कारकुनांनी “लागत नाही, पण असलेलं बरं” असे उत्तर देऊन ८४०८ हा डिझेल इंजिनांचा कोड तोंडपाठ म्हणून दाखवला. पुढे त्यांनी खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची मोजली, कारण आकारमान आणि वजन यांपैकी जे भाडे जास्त ते लावण्याची पद्धत आहे. हलक्या, फुगीर मालावर या पद्धतीचा फार जीव असतो. इंजिनाने त्यांची निराशा केली, पण त्यांनी बिलात हमाली लावून ती भरून काढली. खोके हायड्राने उतरवले, त्याचे पैसे मी वेगळे दिले आणि एकाही हमालाने त्याला हात लावला नाही, असे मी म्हणताच ते शांतपणे म्हणाले, “हात लावायचा असता तर डबल हमाली झाली असती.” त्यानंतर बिल्टीवर ‘ओनर्स रिस्क’ असा शिक्का पडला. एवढ्या जड वस्तूची जबाबदारी एवढ्या हलक्या हाताने दुसऱ्यावर ढकललेली मी प्रथमच पाहिली.

धुळे, जळगाव, अकोला, अमरावती असे मुक्काम करत खोके नागपूरला पोहोचले. मामेसासऱ्यांनी फोन करून वजनपावतीची मूळ प्रत मागितली, खोक्याची लाल रेघ जागेवर असल्याचे नमूद केले आणि मग सरकारी सेवेत कमावलेल्या आवाजात म्हणाले, “कव्हरवर बोळे पाच लिहिलेत. इथे चार निघाले.” मिस्त्रींना विचारले, तर त्यांनी पाच म्हणजे पाचच असे ठणकावले. मामेसासऱ्यांनी इंजिनाला हात लावायला सर्वांना मनाई केली आणि पुढचे दोन्हीकडचे फोन माझ्यामार्फत होत राहिले. अखेर नागपूरच्या गॅरेजमधल्या पोऱ्याने पाचवा बोळा आल्या आल्या हात पुसायला काढून घेतला होता, असे निष्पन्न झाले. मामेसासऱ्यांनी तो मागवून घेतला, लाल सुतळी तपासली, चौघांशेजारी मांडून फोटो काढला आणि मगच इंजिन मिळाल्याची पोच सहीनिशी पाठवली.